एकच बार

गव्यावर बंदूक रोखणाऱ्याला पहिला दगा स्वतःच्या डोळ्यांचा बसतो. आडव्या उभ्या नराकडे पाहिलं की मानेच्या मुळापासून पाठीच्या मध्यापर्यंत एक उंच वरंबा दिसतो. मणक्यांतून वर वाढलेले लांब हाडांचे काटे आणि त्यांवर चढलेले स्नायू यांचा तो बनलेला असतो. जिवाला लागणारा एकही अवयव त्यात नसतो. हृदय खूप खाली, पुढच्या पायांच्या कोपराजवळ असतं. जनावर जेवढं उंच दिसतं त्याच्या बरोबर मध्यावर नेम धरला, तर गोळी फार वरून जाते. पूर्ण वाढलेला नर नऊशे-हजार किलोपर्यंत भरतो. तो जखमी होऊन बांबूच्या बेटात शिरला की पुढचे काही तास माग काढणाऱ्यांचे आणि त्याचेही वाईट जातात.

हातात एकनळी बंदूक असेल तर ही चूक दुरुस्त करायला दुसरा बार नसतो. या लेखाचा विषय तोच आहे. मोठ्या, धोकादायक जनावरासमोर एकाच बाराची बंदूक घेऊन उभं राहणं म्हणजे काय, ती बंदूक चालते कशी, आणि आज जबलपूरच्या आसपासच्या जंगलात हेच काम कोण, कशासाठी करतं, ते सावकाश पाहू.

जबलपुरात बंदूक हा शब्द घरातला आहे. १९०४ साली इथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, १९४२ साली खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतातलं हे मोठं शहर, त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने इथे स्थिरावलेल्या मराठी घरांतल्या अनेकांचे आजोबा-पणजोबा याच कारखान्यांच्या भोंग्यावर उठत. आणि शहराच्या चारही अंगांना जंगल. कान्हा, बांधवगड, पेंच, पन्ना ही सगळी साधारण दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. कारखान्यात बंदुकीचं पोलाद आणि रानात गवा, असा शेजार फार थोड्या शहरांना लाभला असेल.

या जंगलांत शिकारीच्या बंदुकीचा सगळ्यात जास्त विचार केला तो कॅप्टन जेम्स फोर्सिथने. १८६२ साली तो पचमढीच्या पठारावर चढला आणि तिथे त्याने ‘बायसन लॉज’ हे घर बांधलं. ते आजही उभं आहे. मध्य भारताच्या डोंगरी प्रदेशावरचं त्याचं पुस्तक १८७१ साली आलं, आणि त्याच वर्षी तो वारला. पण त्याआधी, १८६३ साली, त्याने शिकारी रायफल आणि तिची गोळी या विषयावर एक वेगळं पुस्तक लिहिलं होतं. दुकानात मिळते ती बंदूक घेऊन गप्प बसणारा तो माणूस नव्हता. नळी किती रुंद असावी, आतले आटे किती पिळाचे असावेत, दारू किती घालावी, हे त्याने स्वतः ठरवलं आणि कारागिरांपुढे मांडलं.

त्याची अडचण समजून घेण्यासारखी आहे. तेव्हाची दारू म्हणजे काळी दारू. ती कितीही ठासली तरी गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही. मग जाड कातडं आणि जाड हाड यांतून आरपार जायचं तर एकच वाट उरते, गोळीचं वजन वाढवायचं. म्हणून त्या काळच्या बंदुकांची मापं वजनातच बोलली जात. एका पौंड शिशातून बारा गोल गोळ्या निघाल्या तर त्या गोळीची बंदूक बारा बोअरची. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर, वजन सदतीस-अडतीस ग्रॅम. पौंडातून चारच गोळ्या निघाल्या तर चार बोअर. ती गोळी ११३ ग्रॅमची आणि जवळजवळ २७ मिलिमीटर रुंद. आकडा उतरत जातो तशी बंदूक चढत जाते. नवख्याचा इथे हमखास गोंधळ होतो.

आता आटे. नळीच्या आत पिळदार खाचा असतात. गोळी त्यांतून जाताना स्वतःभोवती फिरते, म्हणून हवेत सरळ राहते. पण मऊ शिशाची गोळी, जोरात पेटलेली दारू आणि घट्ट पिळाचे आटे हे तिन्ही एकत्र आले की गोळी पिळाबरोबर वळत नाही. खाचांवरून घसरते, सोलली जाते आणि भरकटते. लांबट गोळीला पीळ घट्टच लागतो, म्हणून दारू कमी घालावी लागते, म्हणून वेग कमी, म्हणून गोळी लवकर खाली झुकते. फोर्सिथने उलट वाट धरली. गोल गोळी घ्या, तिला थोडी फिरकी पुरते. पीळ अगदी सैल ठेवा. मग दारू भरपूर घालता येते आणि जंगलातल्या जवळच्या अंतरावर गोळी जवळजवळ सरळ रेषेत जाते. शिकाऱ्याला अंतराचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. दाट रानात गवा ऐंशी पावलांवर आहे की शंभर, हे ठरवायला सवड कुठे असते? अंतर चुकलं तरी नेम चुकू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप होता. हा मुद्दा ध्यानात असू द्या. दीडशे वर्षांनंतर याच जंगलात तो पुन्हा उभा राहणार आहे.

आफ्रिकेत हीच गरज आणखी टोकाला गेली. तिथे समोर हत्ती, गेंडा, रानम्हैस. सॅम्युअल बेकरने १८६१-६२ साली नाईलच्या उपनद्यांच्या प्रदेशात एकनळी रायफल नेली होती. तिची गोळी अर्ध्या पौंडाची. तिला तो ‘बेबी’ म्हणे. ती इतकी धक्का देई की तो स्वतः ती क्वचितच उडवी. फ्रेडरिक सेलूस १८७१ साली एकोणीस वर्षांचा असताना आफ्रिकेत उतरला आणि सुरुवातीची काही वर्षं त्याने चार बोअरच्या एकनळी ठासणीच्या बंदुकांनी हत्ती मारले. बर्मिंगहॅमच्या साध्या कारागिरीच्या, पाणपक्षी मारायच्या त्या बंदुका. स्वस्त, ओबडधोबड आणि फार जोरकस.

हा जोर खांद्याला काय करतो त्याचं साधं गणित मांडता येतं. समजा ११३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटली. जेवढा रेटा पुढे, तेवढाच मागे. बंदूक सहा किलोची धरली तर ती सेकंदाला साधारण साडेसात मीटर वेगाने मागे येते, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. जळालेल्या दारूच्या वायूचा रेटा यात धरलेलाच नाही. सहा किलोची लोखंड-लाकडाची वस्तू सायकलपेक्षा जोरात खांद्यावर आदळते, आणि नेम धरणाऱ्याच्या शरीराला हे आधीच ठाऊक असतं. चाप ओढण्याआधीच तो अंग चोरतो, डोळे मिटतो, आणि बार फुकट जातो. मोठ्या बंदुकीने जनावराला इजा होण्याआधी नेमबाजाच्या मनाला इजा होते. सेलूसनेही पुढे कबुली दिली की त्या बंदुकांनी त्याच्या मज्जातंतूंवर परिणाम केला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धूर न करणारी दारू आली, गोळीला कठीण धातूचं आवरण आलं, आणि वजनाऐवजी वेगावर काम भागू लागलं. तरीही एकबारी रायफल संपली नाही. तिची रचना फार देखणी होती. १८७२ साली जॉन फारकरसन या स्कॉटिश माणसाने पेटंट घेतलेल्या रचनेत चापाखालची दांडी ओढली की नळीच्या मागचा पोलादी ठोकळा सरळ खाली सरकतो. उघड्या तोंडात काडतूस बसवायचं, दांडी मिटायची, ठोकळा वर येऊन काडतुसामागे भिंतीसारखा उभा राहतो. सुटे भाग थोडे, आणि स्फोटाचा सगळा दाब झेलायला मागे अख्खं पोलाद. म्हणून अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत आजही हौशी लोक परवाना घेऊन अशा ठोकळ्यावर स्वतःची मोठी रायफल घडवतात आणि रानम्हशीच्या शिकारीला नेतात. तिथे ते कायदेशीर आहे, पण नियम कडक आहेत. नामिबियात हत्ती, रानम्हैस यांच्यासाठी रायफलीच्या तोंडाशी किमान ५४०० जूल ऊर्जा लागते. पाहुण्याच्या मागे परवानाधारक धंदेवाईक शिकारी स्वतःची भरलेली बंदूक घेऊन उभा असतो. एक बार चुकला तर पुढचा बार त्याचा. घरी घडवलेल्या एकबारी रायफलीच्या धाडसामागे ही दुसरी बंदूक नेहमी असते, ती छायाचित्रात सहसा दिसत नाही.

आपल्याकडे घरी घडवलेली एकबारी म्हणजे भरमार. मंडला, बालाघाटपासून छत्तीसगडपर्यंत हा शब्द सगळ्यांना कळतो. तोंडाने दारू भरायची, वर छर्रे किंवा लोखंडाचे तुकडे ठासायचे. पिकं राखायच्या नावाने ती झोपडीत राहिली आणि रात्री चितळ-सांबरावर चालली. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे, आणि अशी नळी फुटून बनवणाऱ्याचाच हात जाऊ शकतो. १९७२च्या वन्यजीव कायद्यात उरलेला शिकारीचा परवानाही १९९१च्या दुरुस्तीने संपवला. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. भरमारीने जखमी झालेलं जनावर कुठल्या तरी नाल्यात दिवसन्‌दिवस कुजत मरतं. त्या मरणाचं समर्थन मला कधीही करता येणार नाही. आता तर बंदुकीपेक्षाही विजेची तार जास्त जीव घेते. अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर आकडा टाकून पायवाटेवर तार पसरायची. वाघ येवो की डुक्कर, की घरी परतणारा माणूस.

वन्यजीव कायद्यात एक दार मात्र उघडं आहे. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीने जनावराला बेशुद्ध करून पकडता येतं, दुसरीकडे नेता येतं. त्या दारातून आज जबलपूरची माणसं जातात. इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयाची स्थापना १९४८ची. २००९ साली नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठ झालं. वन्यजीवांचं आरोग्य आणि न्यायवैद्यक तपास यांसाठी त्याचा स्वतंत्र विभाग आहे. मेलेल्या वाघाच्या कातड्यावरचा भाजल्याचा डाग पाहून तार कुठे लागली हे सांगणं हे तिथलं एक काम. दुसरं काम जिवंत जनावरांचं. तिथल्या डॉक्टरांच्या हातात जी बंदूक असते तिची नळी अकरा किंवा तेरा मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या इंचाची. ती मोठ्या तोंडाची आहे, आणि एकबारी आहे.

या बंदुकीत दारू नसते. दस्त्याजवळ कार्बन डायऑक्साइडची छोटी कुपी असते. गोल काट्यावर दाब दिसतो, तो अंतरानुसार कमी-जास्त करता येतो. नळीत जी वस्तू घालायची तिला सगळे डार्ट म्हणतात. ती खरं तर उडणारी इंजेक्शनची सिरिंज आहे.

डार्टचं पोट रबरी दट्ट्याने दोन कप्प्यांत विभागलेलं असतं. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्यात दाबून भरलेली हवा. हवा दट्ट्याला सतत पुढे ढकलत असते, मग औषध बाहेर का येत नाही? कारण सुईचं टोक बंद असतं. औषधाचं भोक सुईच्या कुशीला असतं आणि त्यावर सिलिकॉनचं छोटं कडं घट्ट बसवलेलं असतं. सुई कातड्यात शिरते, कडं मात्र कातड्यावर अडतं आणि मागे सरकतं. भोक उघडं पडतं, हवा दट्ट्याला रेटते, आणि साधारण सेकंदभरात औषध स्नायूत जातं. शेपटीला रंगीत लोकरीचा झुबका असतो. तो हवेत डार्टला सरळ ठेवतो आणि गवतात तो सापडायलाही मदत करतो. इतकी साधी युक्ती आणि इतकी नेमकी; मला या सगळ्या यंत्रात ते एवढंसं कडंच सर्वांत आवडतं.

आता फोर्सिथची अडचण परत येते, आणि कितीतरी मोठी होऊन येते. त्याची गोळी सेकंदाला साडेचारशे मीटर गेली असं धरू. तीस मीटरवर ती जेमतेम दोन सेंटिमीटर खाली येईल. डार्ट समजा सेकंदाला साठ मीटर गेला, तर तीस मीटरला अर्धा सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदात कुठलीही वस्तू सव्वा मीटर खाली पडते. म्हणजे बंदूक तेवढी वर रोखलेली हवी. अंतर पाच मीटरने चुकलं तर डार्ट नेमलेल्या जागेपासून साधारण वीतभर खाली किंवा वर जातो. म्हणून इथे लेझरने अंतर मोजल्याशिवाय बार टाकत नाहीत. त्या अर्ध्या सेकंदात गवा एक पाऊल टाकू शकतो, वाऱ्याची झुळूक झुबक्याला ढकलू शकते, मध्येच बांबूची एक काडी येऊ शकते. सगळा सराव या अर्ध्या सेकंदाचा असतो.

दाब वाढवून डार्टचा वेग का वाढवत नाहीत? कारण जनावर जगवायचं आहे. पंधरा ग्रॅमचा डार्ट साठ मीटर वेगाने गेला तर त्यात सत्तावीस जूल ऊर्जा असते. बारा बोअरच्या गोळीत वर धरलेल्या वेगाला पावणेचार हजारांवर. सत्तावीस जूलही चुकीच्या जागी फार होतात. जवळून जास्त दाबाने मारलेला डार्ट स्नायू फाडतो, हाड मोडतो, बरगड्यांमधून छातीत शिरतो. जागा निवडायची ती मांडीची किंवा खांद्याची, जिथे मांस जाड आणि रक्त भरपूर. चरबीत गेलेलं औषध तासभर पडून राहतं आणि जनावर अर्धवट झिंगून भटकत राहतं. गव्यासाठी सुई लांब आणि जाड लागते. वाघाला तीच सुई घातक ठरेल.

औषधाची कथा पुन्हा आफ्रिकेतून जाते. १९५०च्या दशकात न्यूझीलंडच्या टिमारू गावच्या कॉलिन मर्डॉकने आणि अमेरिकेत जॉर्जियातल्या काही माणसांनी डार्टच्या बंदुका तयार केल्या, पण सिरिंजमध्ये घालायला चांगलं औषध नव्हतं. सुरुवातीची काही औषधं फक्त स्नायू लुळे करत. जनावर पूर्ण जागं, भेदरलेलं, आणि मात्रा जराशी वाढली की श्वासाचे स्नायूही थांबत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये अफूतल्या थीबेन या द्रव्यापासून एटॉर्फिन बनलं. ते मॉर्फिनच्या हजार पटींहून जोरकस. (आपल्या मध्य प्रदेशातच मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, हा योगायोग मनात राहतो.) टोनी हार्थूर्न या पशुवैद्याने आफ्रिकेत ते मोठ्या जनावरांवर वापरून पाहिलं, आणि दक्षिण आफ्रिकेच्या उम्फोलोझी अभयारण्यात इयान प्लेयरच्या पथकाने त्याच्या जोरावर पांढरे गेंडे पकडून दुसऱ्या जंगलांत पाठवले. ज्या जनावराला खाली आणायला सेलूसला पाव पौंड शिसं लागे, त्याला आता काही मिलिग्रॅम औषध पुरू लागलं. आणि त्याला उतारा होता. दुसरं औषध शिरेत दिलं की दोन-तीन मिनिटांत गेंडा उठून उभा.

आता आपल्या जंगलांकडे येऊ. बांधवगडात १९९८ नंतर गवा दिसेनासा झाला होता. तो कान्ह्यातून परत आणायचं ठरलं. मध्य प्रदेश वन विभाग, देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, ताज सफारीज आणि दक्षिण आफ्रिकेतले जाणकार एकत्र आले. जानेवारी २०११मध्ये एकोणीस गवे गेले, पुढच्या वर्षी आणखी एकतीस, एकूण पन्नास. दोनशे किलोमीटरहून जास्त रस्ता, हजार किलोपर्यंतचं रानटी जनावर, आणि हातात एका वेळी एकच बार.

असं काम कसं चालतं ते क्रमाने पाहू. थंडीतली पहाट निवडतात. काळ्या अंगाचं, पोटात मोठी किण्वनाची भट्टी असलेलं जनावर बेशुद्धीत स्वतःचं तापमान सांभाळू शकत नाही. उन्हात ते काही मिनिटांत धोक्यात येतं. आधी माग. गोंड आणि बैगा मागकाढे रात्रीचा कळप कुठे बसला, कुठे वळला हे जमिनीवरून सांगतात. फोर्सिथच्या काळीही रानातल्या माणसांशिवाय साहेबांना जनावर दिसत नव्हतं, आजही दिसत नाही. डॉक्टरांच्या यशात हा वाटा मोठा आहे आणि तो ठळकपणे सांगितला पाहिजे. मग जनावर निवडायचं. फार म्हातारं नको, दिवस भरत आलेली गाभण मादी नको. मग जागा पाहायची. जवळ खोल नाला किंवा पाणवठा असेल तर बार टाकायचा नाही, कारण झिंगलेलं जनावर गुडघाभर पाण्यातही बुडतं. गाडीतून किंवा हत्तीवरून जवळ जायचं. अंतर मोजायचं, दाब लावायचा, वारा पाहायचा. एवढं सगळं जमून आलं नाही तर बंदूक खाली. कित्येक सकाळी बार न टाकताच संपतात, आणि माझ्या मते चांगल्या पथकाची ओळख तिथेच पटते.

बार लागला की पाठलाग करायचा नाही. पळालेल्या जनावराचे स्नायू जळतात, रक्तात आम्ल साठतं, आणि पकड यशस्वी होऊनही ते काही दिवसांनी मरू शकतं. म्हणून लांबून, आवाज न करता नजर ठेवायची. काही मिनिटांनी गव्याची चाल बदलते. तो पुढचे पाय उगाच उंच उचलून टाकू लागतो, मान वर जाते, कळपातून मागे पडतो. मग बसतो.

तो बसला की वेळेशी शर्यत लागते. मागच्या बाजूने जाऊन आधी डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे. एटॉर्फिनने जनावर लुळं पडतं, पण आवाज आणि स्पर्श काही प्रमाणात पोचतच असतात. तो कुशीवर कलंडला असेल तर सगळ्यांनी मिळून छातीवर बसवायचा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात सतत वायू बनतो. कुशीवर पडल्यावर ढेकर येत नाही, पोट फुगतं आणि फुप्फुसांना दाबतं. पोटातलं पाणी तोंडाशी आलं तर श्वासनलिकेत जातं. म्हणून मान वर उचलून धरायची, तोंड मात्र खाली झुकतं ठेवायचं, म्हणजे लाळ वाहून जाईल. एकजण फक्त श्वास मोजतो, दुसरा दर थोड्या वेळाने तापमान घेतो आणि अंगावर पाणी ओततो. डार्टच्या जखमेत औषध भरायचं, रक्ताचा नमुना घ्यायचा, काहींच्या गळ्यात रेडिओ कॉलर. मग जाड कापडाची झोळी त्याच्याखाली सरकवून पंधरा-वीस माणसं ती उचलतात आणि ट्रकच्या पिंजऱ्यात ठेवतात. शिरेत उतारा देऊन डॉक्टर बाहेर निघतो, दार खाली पडतं, आणि दोन मिनिटांत आतून खुरांचा आवाज येतो.

या सगळ्यात सर्वांत मोठा धोका शिंगांचा नसतो. एटॉर्फिनचा एखादा थेंब डोळ्यात उडाला, बोटाच्या ओरखड्यात गेला, तर माणसाचा श्वास थांबू शकतो. म्हणून डार्ट भरताना हातमोजे, चष्मा, शेजारी दुसरा माणूस, आणि त्या दुसऱ्याजवळ माणसासाठीचा उतारा काढून तयार ठेवलेला. एकट्याने भरायचं नाही, हा नियम कुणासाठीही मोडत नाही. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याखाली प्रत्येक मिलिग्रॅमचा हिशेब लिहावा लागतो.

वाघाचं तंत्र वेगळं. त्याला झायलाझीन आणि केटामीन यांचं मिश्रण देतात. झायलाझीनला उतारा आहे, केटामीनला नाही. ते उतरेपर्यंत थांबावंच लागतं, आणि थांबणारी माणसं वाघाशेजारी बसलेली असतात. पन्न्यातले वाघ संपल्यावर २००९ साली बांधवगड आणि कान्ह्यातून दोन वाघिणी तिथे गेल्या, कान्ह्याची तर हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने. त्यांच्यासाठी पेंचहून आणलेला नर सुटल्यावर दक्षिणेकडे, आपल्या घराकडे चालू लागला. महिनाभर पथक हत्तींवरून त्याच्या मागे होतं, आणि २५ डिसेंबरला दमोहच्या जंगलात त्याला पुन्हा डार्ट लागला. पन्न्यातले आजचे कितीतरी वाघ त्याच्या वंशाचे आहेत. कुनोच्या जंगलात २०२२ आणि २०२३ साली नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतून वीस चित्ते आले, तेही आधी तिकडे असेच डार्ट लागून झोपलेले होते.

कान्ह्यातल्या कामाकडे परत येऊ. प्रत्येक बार लागतोच असं नाही. डार्ट फांदीला थटतो, पाठीवरून निसटतो, कधी गव्याला लागून उसळतो आणि औषध अर्धंच जातं. जुना शिकारी चुकलेल्या गोळीकडे वळून पाहत नसे. ती कुठल्या तरी झाडात रुतून राही आणि विषय संपे. इथे चुकलेला डार्ट भरलेला असतो. तो गवतात राहिला तर उद्या एखादं जनावर चघळेल, मोहफुलं वेचायला आलेली बाई उचलेल, गुराख्याचं पोर झुबक्याचा रंग पाहून खिशात घालेल. म्हणून बार कुठून सुटला ती जागा कापडाने खुणावतात, दिशा धरतात आणि ओळीने उभे राहून हात-हात अंतराने गवत चाळत पुढे सरकतात. ऊन वर येतं, दुसरा कळप जवळच चरत असतो, पण नवा डार्ट भरला जात नाही. झुबका सापडतो, हातमोजा घातलेला हात तो उचलतो, सुईवर टोपण बसतं, वहीत वेळ लिहिली जाते. मग अंतर मोजायचं यंत्र पुन्हा बाहेर निघतं.